झिकला दोष द्यायचा तर कुठल्या वर्षाचा?

दर १६ नोव्हेंबरला नायजेरियात तेच भांडण नव्याने सुरू होतं. त्या दिवशी न्नामदी अझिकिवेची जयंती असते. देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष, सगळे त्याला नुसतं झिक म्हणतात, पाचशे नायराच्या नोटेवर त्याचा फोटो आहे, अबुजाच्या विमानतळाला त्याचं नाव आहे, आणि तरी त्याच्याच इग्बो समाजातली कितीतरी तरुण पोरं त्याला सरळ गद्दार म्हणतात. कारण काय, तर १९६९. पूर्वेकडचा इग्बो मुलूख बियाफ्रा नावाने नायजेरियातून फुटला होता, त्याचं युद्ध चालू होतं, इग्बो लेकरं उपाशी मरत होती आणि झिक तेव्हाच्या राजधानीत, लागोसला जाऊन नायजेरियाचा लष्करी प्रमुख जनरल गोवॉन याच्या शेजारी उभा राहिला. यावर दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात की तो जमातीच्या पलीकडे गेलेला माणूस होता, अख्ख्या देशाचा होता, त्याला इग्बो नेता म्हणून मोजूच नका. मग एकमेकांच्या आजोबांचे उद्धार सुरू होतात आणि मूळ मुद्दा तिथेच राहतो.

मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात, आणि नुसत्या थोड्याशा नाही, चांगल्याच. माझं म्हणणं असं आहे की १९६९ मध्ये झिकने जे केलं ते त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात अवघड आणि सगळ्यात प्रामाणिक कामांपैकी एक होतं. त्याला जाब विचारायचाच असेल तर १९५३ चा विचारा, एनुगूच्या विधानसभेत त्याने पूर्व विभागाच्या सरकारचा प्रमुख एयो इटा याला ज्या पद्धतीने बाजूला सारलं त्याचा. पण त्या वर्षाबद्दल कोणी भांडत नाही, कारण तेव्हा ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस इग्बो नव्हता.

आधी माणूस कोण होता ते बघू, कारण या वादात उतरणाऱ्या निम्म्या लोकांना ते माहीतच नसतं असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. झिकचा जन्म १९०४ चा, झुंगेरूचा. आईवडील ओनित्शाचे इग्बो, पण झुंगेरू उत्तरेत, हौसा मुलखात, तेव्हाची ब्रिटिशांच्या उत्तर नायजेरियाची राजधानी, वडील तिथे लष्करात कारकून. पोरगं आधी हौसा बोलायला शिकलं, मग घरच्यांनी काळजीने ओनित्शाला आजीकडे पाठवलं तेव्हा इग्बो नीट शिकलं, मग लागोसच्या शाळेत योरुबा, मधे कॅलाबारच्या मिशन शाळेत एफिक लोकांमध्ये. म्हणजे देशातल्या तिन्ही मोठ्या भाषा विशीच्या आत तोंडात. १९२५ ला अमेरिकेत गेला, मिळेल ते काम करत शिकला, लिंकन युनिव्हर्सिटीतून पदवी घेतली, पुढे तिथेच शिकवलं. १९३४ च्या ब्रिटिश एम्पायर गेम्समध्ये नायजेरियाच्या नावाने उतरू दिलं नाही म्हणून त्याने आपलं बेंजामिन हे इंग्रजी नाव टाकून दिलं ते कायमचं. मग अक्रा, तिथे आफ्रिकन मॉर्निंग पोस्टचा संपादक, १९३६ मध्ये एका लेखावरून राजद्रोहाचा खटला, सहा महिन्यांची शिक्षा, अपिलात सुटका. अक्रामधल्या ज्या तरुणांवर त्याच्या भाषणांचा परिणाम झाला त्यात एक शिक्षक होता, क्वामे न्क्रुमा, जो पुढे झिकच्याच लिंकन युनिव्हर्सिटीत शिकायला गेला आणि नंतर घानाचा राष्ट्राध्यक्ष झाला.

१९३७ ला लागोसला येऊन त्याने वेस्ट आफ्रिकन पायलट काढला. त्याआधी लागोसची वर्तमानपत्रं म्हणजे चार वकील, दोन डॉक्टर आणि त्यांची भांडणं. पायलटमध्ये रेल्वेतल्या क्लार्कची बढती छापून यायला लागली, फुटबॉलच्या मॅचेस, गावाकडच्या शाळेचं उद्घाटन, एखाद्या मास्तरचं लग्न, आणि त्याच पानावर गोऱ्या साहेबाच्या अंगावर जाणारा अग्रलेख. पोर्ट हारकोर्टला, ओनित्शाला पेपर निघाले. पहिल्यांदाच आपलं नाव छापून येऊ शकतं आणि साहेबाला जाब विचारता येतो या दोन्ही गोष्टी साध्या माणसाला एकदमच कळल्या. १९४५ च्या मोठ्या संपात सरकारने पायलटवर बंदी घातली ती उगाच नाही घातली.

आता योरुबा, म्हणजे पश्चिमेकडच्या मोठ्या समाजाच्या, बाजूने होणारा जुना आरोप, की नायजेरियाच्या राजकारणात जमातीचं विष झिकनेच कालवलं. पुरावा म्हणून १९४१ सांगतात, तेव्हा नायजेरियन यूथ मूव्हमेंट ही राजकीय संघटना फुटली आणि झिक आपल्या इग्बो लोकांना घेऊन बाहेर पडला. पण त्या वर्षी झालं काय? विधान परिषदेतल्या लागोसच्या एका जागेसाठी दोन उमेदवार होते, एर्नेस्ट इकोली हा इजॉ जमातीचा आणि सॅम्युएल अकिसान्या हा इजेबू योरुबा. झिकने पाठिंबा दिला योरुबा अकिसान्याला, आणि ओबाफेमी अवोलोवो, पुढे योरुबांचा मोठा नेता झालेला आणि स्वतः इजेबू योरुबा, तो उभा राहिला इजॉ इकोलीच्या मागे. यात कोण कोणाच्या जमातीसाठी भांडत होतं ते मला कोणीतरी सांगावं. तीन वर्षांनी एनसीएनसी हा पक्ष स्थापन झाला तेव्हा अध्यक्ष कोण, तर हर्बर्ट मॅकॉले, लागोसचा म्हातारा योरुबा पुढारी, आणि झिक त्याच्या हाताखाली सेक्रेटरी. १९४६ मध्ये दौऱ्यातच आजारी पडून मॅकॉले गेला तेव्हा झिक अध्यक्ष झाला. जमातवादी माणूस पक्ष असा बांधत नाही.

पण इथे एक गोष्ट मान्य करायलाच हवी आणि झिकचे चाहते ती कधी करत नाहीत. १९४८ मध्ये झिक इग्बो स्टेट युनियनचा अध्यक्ष झाला आणि १९४९ ला आबा शहरात केलेल्या भाषणात म्हणाला की आफ्रिकेच्या देवाने इग्बो राष्ट्राला खास आफ्रिकेच्या लेकरांना युगानुयुगांच्या गुलामीतून बाहेर काढायला निर्माण केलंय असं दिसतं. हे वाक्य वाईट आहे. संदर्भ सांगून ते चांगलं होत नाही. संदर्भ आहेच, की इग्बो लोक शिक्षणात योरुबांच्या कितीतरी मागे होते, गावागावाच्या युनियन वर्गणी काढून एकेका पोराला परदेशी पाठवत होत्या, शाळा बांधत होत्या, आणि लागोसच्या पेपरांतून इग्बोंची थट्टा चालायची, १९४८ ला तर दोन्हीकडचे पेपर एकमेकांवर तुटून पडले होते. मागे राहिलेल्या समाजाला ताठ उभं करायला नेता असं बोलून जातो हे समजू शकतं. पण स्वतःला अख्ख्या देशाचा पुढारी म्हणवणाऱ्या माणसाने एका समाजाला देवाने निवडलंय म्हटल्यावर बाकीच्यांनी काय समजायचं? योरुबांना त्यातून हत्यार मिळालं हे तर झालंच, पण त्या हॉलच्या बाहेर, त्याच पूर्व भागात, एफिक होते, इबिबियो होते, इजॉ होते, ओगोनी होते. त्यांनीही ते ऐकलं. मला वाटतं लागोसपेक्षा त्यांनी ते जास्त लक्षात ठेवलं.

आणि मग १९५३. हे थोडं सविस्तर सांगतो कारण सगळं इथेच आहे. १९५१ च्या निवडणुकीत झिक लागोसमधून निवडून आला, आणि लागोस तेव्हा पश्चिम विभागाच्या विधानसभेत मोडायचं, म्हणजे तो बसला इबादानला. तिथे अवोलोवोच्या अ‍ॅक्शन ग्रुपने बहुमत जमवलं, कोण कोणत्या पक्षातून तिकडे गेला यावर आजही पुस्तकं निघतात, त्यात मी पडत नाही. इबादानहून लागोसची दोन माणसं केंद्राच्या सभागृहात पाठवायची होती आणि झिकला जाता आलं नाही, कारण त्याच्याच पक्षाच्या लागोसवाल्यांनी माघार घेतली नाही. पक्षाचा अध्यक्ष, देशातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस, आणि प्रांताच्या विधानसभेत विरोधी बाकावर अडकलेला. हा त्याचा अपमान होता, खराच होता, आणि त्यात त्याच्या योरुबा विरोधकांचा हात होता हेही खरं.

पण त्या अपमानाची किंमत कोणी मोजली? पूर्व विभागात एनसीएनसीचं सरकार होतं आणि त्याचा प्रमुख होता प्राध्यापक एयो इटा. कॅलाबारचा एफिक, अमेरिकेत शिकलेला, तरुणांच्या चळवळीत झिकच्याही आधीपासून असलेला, १९३८ मध्ये कॅलाबारला स्वतःची शाळा काढलेला. त्याच पक्षाचा माणूस. इग्बो बहुसंख्य असलेल्या विभागाचं सरकार एका एफिक माणसाच्या हातात होतं आणि चालत होतं, जगात कुठेही ही अभिमानाने सांगायची गोष्ट ठरली असती. १९५३ च्या सुरुवातीला पक्षाने मंत्र्यांना राजीनामे द्यायला सांगितले. एयो इटाने नाही म्हटलं. मग झिकच्या बाजूच्या बहुमताने सभागृहात एकामागून एक काम अडवलं, बजेट पास होऊ दिलं नाही, शेवटी सभागृह विसर्जित करावं लागलं, नव्याने निवडणूक, आणि झिक पूर्वेचा प्रमुख. १९५४ ला प्रीमियर. एयो इटा पक्षाबाहेर.

झिकचे समर्थक म्हणतात ही पक्षशिस्त होती, इटाने पक्षाचा आदेश मोडला, आणि केंद्रात जायचा रस्ता बंद झाल्यावर एवढ्या मोठ्या नेत्याने करायचं तरी काय. शिस्तीचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. प्रीमियर म्हणून त्याने केलेलं कामही मोठं आहे, १९५७ ची मोफत प्राथमिक शिक्षणाची योजना, न्सुक्काचं विद्यापीठ, जे १९६० मध्ये उघडलं आणि नायजेरियाच्या आपल्या माणसांनी उभारलेलं पहिलं विद्यापीठ होतं. त्याच्या बँकेत सरकारी पैसा घातल्याचं प्रकरण झालं, चौकशी आयोगाने १९५७ च्या सुरुवातीला ताशेरे ओढले, तेही खरं, पण गोऱ्यांच्या बँका आफ्रिकन व्यापाऱ्याला उभं करत नव्हत्या हेही तितकंच खरं, त्याने पुन्हा निवडणूक घेतली आणि जिंकली. ते सोडा. प्रश्न शिस्तीचा नाहीच. कॅलाबारच्या माणसाने त्या दिवशी काय पाहिलं? की आपला माणूस कितीही शिकलेला असो, कितीही जुना असो, इग्बो पुढाऱ्याला खुर्ची लागली की ती रिकामी करावी लागते. त्यानंतर कॅलाबार, ओगोजा, रिव्हर्स या भागांतून वेगळ्या राज्याची मागणी जोर धरत गेली, १९५७ ला ब्रिटिशांना अल्पसंख्याकांच्या भीतीची चौकशी करायला विलिंक कमिशन नेमावं लागलं, कमिशनने भीती खरी आहे म्हटलं आणि राज्य मात्र दिलं नाही. ती भीती तशीच मनात ठेवून हे लोक स्वतंत्र नायजेरियात आले.

१९५९ नंतरचं लवकर सांगतो. केंद्राच्या निवडणुकीत कोणालाच बहुमत नाही, झिकने उत्तरेच्या पक्षाशी युती केली, अबुबकर तफावा बालेवा पंतप्रधान झाला आणि झिक आधी सिनेटचा अध्यक्ष, १९६० मध्ये गव्हर्नर जनरल, १९६३ ला राष्ट्राध्यक्ष. मान मोठा, हातात काही नाही. १९६४ च्या गोंधळलेल्या निवडणुकीनंतर त्याने काही दिवस बालेवाला सरकार बनवायला बोलवायचं नाकारलं तेव्हा सैन्य-पोलिसांच्या प्रमुखांनी आम्ही पंतप्रधानांचा हुकूम मानणार असं कळवलं, आणि त्याला नमतं घ्यावं लागलं. जानेवारी १९६६ मध्ये तरुण मेजरांनी उठाव केला, बालेवा आणि उत्तरेचा सर्वेसर्वा अहमदू बेल्लो मारले गेले, उठावातले बरेच अधिकारी इग्बो होते, झिक तेव्हा तब्येतीसाठी परदेशात होता. त्यावरून आजही लोक कुजबुजतात की त्याला आधीच कळलं होतं. कुजबुजीवर लेख लिहायचा नसतो.

मग उत्तरेत इग्बोंची कत्तल सुरू झाली. मे, जुलै, सप्टेंबर, ऑक्टोबर १९६६. हजारो माणसं मारली, दहा लाखांच्या वर माणसं जे हाताला लागलं ते घेऊन पूर्वेकडे परतली. बियाफ्राबद्दल बोलताना जे कोणी हे वगळून सुरुवात करतात त्यांच्याशी मला चर्चा करायची नाही. ३० मे १९६७ ला ओडुमेग्वू ओजुक्वूने बियाफ्रा जाहीर केलं तेव्हा इग्बो माणूस भ्रमात नव्हता, त्याने आपले मुडदे मोजलेले होते. ओजुक्वूही जन्माने झुंगेरूचाच, झिकच्याच गावचा, १९३३ चा, लक्षाधीश ट्रान्सपोर्टवाल्याचा ऑक्सफर्डला शिकलेला मुलगा. झिकने बियाफ्राला साथ दिली. राष्ट्रगीताचे शब्द त्याचे, आफ्रिकेतल्या जुन्या ओळखी त्याच्या, १९६८ च्या एप्रिल-मेमध्ये टांझानिया, गॅबॉन, आयव्हरी कोस्ट, झांबिया यांनी बियाफ्राला मान्यता दिली त्यामागे त्याचे दौरे होते. आणि ऑगस्ट १९६९ मध्ये हाच माणूस लागोसला उतरला आणि म्हणाला की हे युद्ध थांबवा.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात बळकट म्हणणं ऐका, कारण ते हलकं नाही. मी लागोसला नोकरीला असताना ओळखीचा एक ओनित्शाचा स्पेअर पार्ट्सवाला होता, दुकानात कायम ऑइलचा वास, मागच्या भिंतीवर त्याच्या बापाचा एक फोटो. बापाची पोर्ट हारकोर्टला दोन घरं होती आणि बँकेत बरी शिल्लक. युद्ध संपल्यावर घरं ‘बेवारस मालमत्ता’ म्हणून दुसऱ्यांच्या ताब्यात गेली, आणि बँकेत गेला तर वीस पाऊंड हातावर ठेवले, कारण युद्धात खातं वापरलेल्या सगळ्यांना शिल्लक कितीही असो, सरसकट वीस पाऊंड असा सरकारचा नियम होता. तो मला म्हणायचा, ओगा (म्हणजे साहेब), गोवॉन म्हणाला कोणी जिंकलं नाही कोणी हरलं नाही, आणि झिकने त्याच्या शब्दावर आम्हाला हत्यारं टाकायला सांगितलं, मग माझ्या बापाचे पैसे कोण देणार? यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नव्हतं. आणि पैशाच्याही आधी असाबा आहे. ऑक्टोबर १९६७ मध्ये नायजर नदीच्या पलीकडच्या काठावर, ओनित्शाच्या समोर, केंद्राच्या सैनिकांनी इग्बो पुरुषांना एकत्र करून शेकड्यांनी मारलं. शरण आलो तर सगळ्यांना मारतील ही भीती रेडिओने तयार केलेली नव्हती, तिला आधार होता. त्यात झिक स्वतः बाहेरच्या देशात सुरक्षित, आणि बाजू हरायला लागल्यावर त्याने ती सोडली. हे सगळं मिळून गद्दारी का म्हणू नये?

म्हणू नये, कारण ऑगस्ट १९६९ चा नकाशा बघा. एनुगू १९६७ मध्येच गेलेलं, कॅलाबारही तेव्हाच. ओनित्शा मार्च १९६८, पोर्ट हारकोर्ट मे १९६८, म्हणजे समुद्र संपला. आबा गेलं. एप्रिल १९६९ मध्ये राजधानी उमुआहिया गेली, ओवेरी तेवढं परत मिळवलं. उरलेल्या तुकड्यात लाखो माणसं कोंबलेली, आणि बाहेरून यायचा रस्ता एकच, उलीचा रुंद केलेला डांबरी रस्ता, ज्यावर रात्री दिवे क्षणभर लावून चर्चची आणि मदतसंस्थांची विमानं उतरवायची. ५ जून १९६९ ला केंद्राच्या हवाई दलाने रेड क्रॉसचं विमान पाडलं आणि रेड क्रॉसची उड्डाणं थांबली. प्रोटीन नाही म्हणून पोरांची पोटं फुगलेली, केस तांबडे पडलेले, पाय सुजलेले, हे फोटो जगाने पाहिलेत. अशा वेळी समाजाच्या नेत्याचं काम काय? आणखी सहा महिने टिकून मिळणार काय होतं ते कोणी सांगू शकतं का? कुठला देश येणार होता? मार्च १९६९ मध्ये हैतीने मान्यता दिली, ती शेवटची. झिकने फेब्रुवारीत ऑक्सफर्डला संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने युद्ध थांबवायची योजना मांडली होती, ती दोन्ही बाजूंनी मनावर घेतली नाही. त्यानंतर उरलेला एकच दरवाजा त्याने ठोठावला, आणि तो शत्रूच्या घराचा होता.

लोक त्याला पेतांच्या रांगेत बसवतात, फ्रान्सच्या. पण पेतां जर्मनांपुढे झुकला आणि त्या बदल्यात सत्तेवर बसला, चार वर्षं बसला. झिकला काय मिळालं? मंत्रिपद नाही, राज्य नाही, १९७२ मध्ये लागोस विद्यापीठाचं कुलपतीपद, बस. तुलना करायचीच तर आयर्लंडच्या मायकेल कॉलिन्सशी करा, ज्याने १९२१ मध्ये लंडनला अर्ध्यामुर्ध्या करारावर सही केली कारण त्याला माहीत होतं की बंदुका संपत आल्यात, आणि वर्षाच्या आत आपल्याच लोकांच्या गोळीने मेला. आपल्याकडे यशवंतरावांनी नेहरू की संयुक्त महाराष्ट्र या प्रश्नावर नेहरूंचं नाव घेतलं तेव्हा त्यांना सूर्याजी पिसाळ म्हणणारे थोडे नव्हते, आणि १ मे १९६० ला मंगल कलश आणणारेही तेच होते. झिकच्या बाबतीत कलश आलाच नाही, दोन्ही प्रसंगांत प्रचंड फरक आहे, पण लोक चिडलेले असताना त्यांना न आवडणारं बोलणाऱ्या नेत्याला लगेच फितूर ठरवायची सवय तीच.

आणि भीतीचं काय झालं? जानेवारी १९७० मध्ये ओजुक्वू विमानाने आयव्हरी कोस्टला गेला, शरणागती पत्करायला मागे राहिला फिलिप एफियाँग, जो इग्बो नव्हता, इबिबियो होता. त्यानंतर लुटालूट झाली, बायकांवर अत्याचार झाले, वीस पाऊंडांचा अन्याय झाला, ते सगळं खरं. पण ज्या सरसकट कत्तलीच्या भीतीने पोरं उपाशी ठेवून लढत राहिलो ती झाली नाही. झिकने ऑगस्टमध्ये सांगितलं ते जानेवारीत खरं ठरलं. मधल्या पाच महिन्यांत मेलेल्यांचा हिशोब झिककडे मागायचा की दुसऱ्या कोणाकडे? वीस पाऊंडांचा नियम गोवॉनच्या सरकारने केला, त्याचा जाब गोवॉनच्या सरकारला विचारायचा. स्पेअर पार्ट्सवाल्याला मी आज हेच उत्तर दिलं असतं, त्याचं समाधान झालं असतं की नाही ते वेगळं.

अजून एक गोष्ट मला खरंच समजत नाही. १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष शगारीने माफी दिली आणि ओजुक्वू परत आला. आल्यावर कुठल्या पक्षात गेला? शगारीच्याच, एनपीएनमध्ये, ज्या पक्षाची मुळं उत्तरेच्या जुन्या सत्तेत होती, आणि १९८३ ला झिकच्या पक्षाविरुद्ध सिनेटला उभा राहून हरला. २००३ मध्ये त्याच नायजेरियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, २०१२ ला सरकारी लष्करी इतमामात न्नेवी या आपल्या गावी दफन झाला. मला यात काही गैर वाटत नाही, युद्ध हरल्यावर माणसाने जगायचं तर आहे त्याच देशात जगायचं असतं. पण जी गोष्ट ओजुक्वूला तेरा वर्षांनी करायची मुभा आहे ती झिकने पोरं मरत असताना केली तर तो गद्दार कसा?

आता परत १९५३ कडे. २७ मे १९६७ ला, बियाफ्रा जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी, गोवॉनने देशाची बारा राज्यं केली. त्यातली दोन, रिव्हर्स आणि साऊथ ईस्टर्न, म्हणजे नेमकी तीच मागणी जी कॅलाबार-ओगोजा-रिव्हर्सवाले दहा-बारा वर्षं करत होते. तेलाच्या विहिरी आणि समुद्र बऱ्याच अंशी याच लोकांच्या जमिनीत. त्यातले काही बियाफ्रासाठी मनापासून लढले, एफियाँग स्वतः त्यातलाच. पण कितीतरी जणांना बियाफ्रा म्हणजे इग्बोंचं राज्य एवढंच दिसलं, त्यांनी केंद्राची बाजू घेतली, ओगोनी लेखक केन सारो-विवा केंद्राच्या वतीने बॉनीचा प्रशासक झाला, आणि बियाफ्राच्या आत जो तो शेजारच्या अल्पसंख्य गावाकडे संशयाने बघायला लागला, ‘सॅबो’ म्हणजे घातपाती म्हणून माणसं धरायला लागला. हा अविश्वास १९६७ ला आकाशातून पडला नव्हता. १९४९ च्या आबाच्या भाषणात आणि १९५३ च्या एनुगूच्या सभागृहात तो पेरला गेला. समजा एयो इटा पूर्वेचा प्रमुख राहिला असता, समजा कॅलाबारच्या पोराने इग्बो आमदारांना एफिक प्रीमियरच्या मागे उभं राहिलेलं वर्षानुवर्षं पाहिलं असतं, तर १९६७ मध्ये ते लोक कुठे उभे राहिले असते? सिद्ध करता येणार नाही, पण विचारायला तर हवं. बियाफ्राचं घर बाहेरच्या तोफांनी पडलं हे खरं, आतल्या भिंतीला चीर मात्र आधीच होती, आणि ती झिकच्या हातची होती.

त्याला ते कळलं होतं का? मला वाटतं उशिरा का होईना, कळलं असावं. १९७९ ला पंचाहत्तरीला टेकलेला झिक राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, तिसरा आला, पण त्याच्या एनपीपीने तीन राज्यं जिंकली, अनांब्रा आणि इमो ही इग्बोंची, आणि तिसरं प्लॅटो. प्लॅटो म्हणजे मध्य पट्ट्यातल्या छोट्या छोट्या जमातींचं राज्य, तिथला गव्हर्नर सॉलोमन लार हा तारोक. तिथे ना इग्बो बहुमत ना इग्बो गव्हर्नर. १९४९ च्या भाषणाच्या माणसाला हे जमलं यात मला त्याचं मोठेपण दिसतं, नोटेवरच्या फोटोत नाही. ११ मे १९९६ ला एनुगूच्या हॉस्पिटलमध्ये तो गेला. ओनित्शातलं त्याचं स्मारक तर पूर्ण व्हायला २०१९ उजाडलं.

इग्बो भागात ऑगस्ट २०२१ पासून वेगळा बियाफ्रा मागणाऱ्यांचं सोमवार बंदचं सत्र सुरू झालं, ओनित्शाच्या बाजारात सोमवारी शटर खाली असायचं, कोणी उघडलं तर मारहाण, जाळपोळ, माणसंही मेली. नव्या बियाफ्राचे नकाशे फिरतात, आणि त्यात कॅलाबार, उयो, पोर्ट हारकोर्ट सगळं एका रंगात रंगवलेलं असतं. हे नकाशे फिरवणारेच झिकला सगळ्यात जास्त शिव्या देतात, आणि झिकची सगळ्यात मोठी चूक अगदी तशीच्या तशी परत करतायत. इग्बोंवर अन्याय झाला, आजही होतो, इतक्या वर्षांत एकही इग्बो माणूस निवडून येऊन देशाचा सत्ताधारी प्रमुख झालेला नाही, वेगळं व्हायची मागणी करायचा त्यांना हक्क आहे असं मी मानतो. पण नकाशा रंगवण्याआधी कॅलाबारला जा, उयोला जा, ओगोनींच्या गावात जा, तिथल्या लोकांना विचारा यायचंय का, आणि ते नाही म्हणाले तर ते ऐकून परत या. १९५३ मध्ये एयो इटा नाही म्हणाला होता, आणि ते कोणी ऐकलं नाही.